परक्या खिशांतला खाऊ

माझी आत्या एकतीस वर्षं लोकांच्या खिशात हात घालत होती आणि त्याचा तिला पगार मिळत होता. शाळेत असताना मी निबंधात, वर्षांचा आकडा सोडला तर, अगदी असंच लिहिलं होतं. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. आत्याने ती वाचली, पोट धरून हसली आणि सही करताना खाली लिहिलं, 'मजकूर खरा आहे.'

ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. डॉक्टरांचे कोट, नर्सेसचे झगे, सफाईवाल्यांचे शर्ट असा सगळा ढीग ढकलगाडीतून यायचा, आणि यंत्रात जाण्याआधी प्रत्येक कपडा आत्याच्या टेबलावरून जायचा. खिसा राहिला आणि आत एखादं पेन असलं तर शंभर कोट निळे. पेनाचं एक वेळ चालेल, सुई राहिली तर घडी घालणारीच्या बोटात. म्हणून हे काम एकाच माणसाकडे असे आणि त्या माणसाला सगळे खिसेवाली म्हणत. अंगठ्या, किल्ल्या, एकदा तर कुणाचा तरी खोटा दात, जे सापडेल ते ती ट्रेमध्ये ठेवायची, वर चिठ्ठी लावायची. एकतीस वर्षांत तिच्या हातून एक खिसा सुटला नाही.

आई गेल्यावर वडिलांनी मला नवव्या वर्षी आत्याकडे आणून सोडलं आणि ते लांबच्या कामावर निघून गेले. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. संध्याकाळी ती आली की मी विचारायची, "आज काय सापडलं?" इतर मुलींच्या घरी गोष्टी सांगत, आमच्याकडे खिसे सांगत.

त्यात खाऊ असायचा. म्हणजे खाऊ कुठला, खाऊच्या मागे राहिलेलं काहीतरी. मोठ्या सिस्टरच्या झग्यात नेहमी काळपट जांभळा कागद, आत सोनेरी वर्ख. मुलांच्या वॉर्डातल्या नर्सच्या खिशात कसला तरी चुरा, त्याला आल्याचा वास. हाडांच्या डॉक्टरांच्या कोटात लांबट बिया, दोन्ही टोकांना टोकदार, इतक्या स्वच्छ चोखलेल्या की आत्या म्हणायची, "फळ भलतंच गोड असणार गं. त्याशिवाय एवढा मोठा माणूस बी खिशात घालून फिरणार नाही." यातलं काहीच तिने कधी खाल्लं नव्हतं. विकत घ्यायचं म्हटलं तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण घरातल्या पैशातून स्वतःच्या जिभेसाठी काही आणायचं हे तिच्या डोक्यातच बसत नव्हतं. मला आणायची. स्वतःचं विचारलं की, "मला काय करायचंय?" या एका वाक्यावरून आमची कितीदा जुंपली आहे याची गणतीच नाही. मी स्वभावाने तापट आहे आणि ती थंड, त्यामुळे भांडणही मलाच एकटीला करावं लागे.

ती निवृत्त झाली त्या दिवसाची गोष्ट ऐकून मी कपाळाला हात लावला होता. खिसेवालीच्या स्वतःच्या एप्रनचे खिसे शिवून बंद केलेले असतात. कुणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून ही जुनी पद्धत. मैत्रिणींनी वर्गणी काढून तिच्यासाठी किराणा दुकानाचं भेटकार्ड घेतलं, आणि त्यांना सुचली गंमत. दुपारी आत्याने एप्रन खुंटीला लावला तेव्हा एकीने खिशाची शिवण उसवली आणि कार्ड आत सरकवलं. आज हिला हिच्याच खिशात काहीतरी सापडू दे! सगळ्या तोंड दाबून वाट बघत बसल्या. आणि ही बया? जिने अख्ख्या इस्पितळाचे खिसे तपासले, तिला स्वतःला खिसा आहे हेच ठाऊक नव्हतं. सुट्टीची घंटा झाली, तिने एप्रन काढला आणि शेवटचं काम म्हणून उकळत्या पाण्याच्या यंत्रात टाकून दिला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत तो ड्रायरमधूनही बाहेर पडला होता.

कार्ड निघालं ते पापडासारखं वाकलेलं, दोन्ही बाजूंनी पांढरं फटक. मैत्रिणी रडायच्या बेतात. आत्या मात्र जागेवर बसून हसत होती. "एकच खिसा राहिला," म्हणाली, "आणि तो माझा." एप्रन तिला आठवण म्हणून दिला. दुसऱ्याच दिवशी तिने त्याची पिशवी शिवली. वस्तू नुसती पडून राहिलेली तिला बघवत नाही.

त्याच आठवड्यात निवृत्तीच्या वेळी केलेल्या तपासणीचा कागद आला. जिभेच्या मागच्या बाजूला गाठ. तिला तीन महिने गिळताना दुखत होतं आणि तिने मला पत्ता लागू दिला नव्हता. मी डॉक्टरांसमोरच तिच्यावर ओरडले. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "नऊ दिवसांनी ऑपरेशन करू. जीव वाचेल असं मला वाटतं. पण गिळणं परत येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. कदाचित कायम नळीनेच जेवण द्यावं लागेल." मग त्यांनी आत्याला सांगितलं, "मावशी, काही खावंसं वाटत असेल तर या नऊ दिवसांत खाऊन घ्या."

बसमध्ये आत्या खिडकीतून बघत बसली होती. घराजवळ आल्यावर एकदम म्हणाली, "ढमे, त्या कार्डाने विजेचं बिल भरता येतं का?"

"नाही. फक्त किराणा."

"घरभाडं?"

"नाही म्हटलं ना!"

"मग बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे ते खायलाच आहे."

मला तिथल्या तिथे रडू आलं. साठ वर्षांत पहिल्यांदा या बाईच्या हातात असे पैसे आले होते जे दुसऱ्या कशावर घालवताच येत नव्हते.

ते कार्ड मी जिथे काम करते त्याच दुकानाचं होतं. बारा वर्षं मी तिथे गल्ल्यावर बसते. भेटकार्ड घेऊन आलेली माणसं मी हजारांनी पाहिली आहेत. आधी साबण, तेल, पीठ घेतात, मग इकडेतिकडे बघून एखादी चैनीची वस्तू सामानाखाली लपवतात, जसं काही मीच त्यांना रागावणार आहे. आत्याही त्याच वळणावर गेली. तिने ढकलगाडी घेतली आणि पीठ, तेल, मीठ, चहा, कपड्यांचा साबण असं भरायला लागली.

"हे कुणाला?"

"तुला. मी तिकडे असताना तुला दुकानात जायला नको."

"अगं मी दुकानातच असते, आत्या! रोज आठ तास!"

"घरी जाताना जड होतं," ती म्हणाली आणि साबणाची आणखी एक वडी टाकली. या बाईशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

मग गाडी अर्धी भरल्यावर ती थांबली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "आता माझं." ती गोळ्या-चॉकलेटांच्या रांगेत शिरली आणि पुढचा तासभर मी जे पाहिलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ती नावं वाचत नव्हती. तिला नावं माहीतच नव्हती. ती एकेक चॉकलेट उचलायची, कागदाची कड अंगठ्याने चोळायची, कानाशी धरायची आणि परत ठेवायची. "हा नाही. तो ओला झाला तरी मऊ पडत नव्हता." "याचा वर्ख पांढरा दिसतोय. तो पिवळा होता." मी घड्याळ बघत होते, माझी जेवणाची सुट्टी संपत आली होती, आणि सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या चॉकलेटला तिचा अंगठा थांबला. तिने डोळे मिटले. "हाच. मोठ्या सिस्टर." तिचा चेहरा असा झाला होता जसा गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर होतो.

आल्याची बिस्किटं सापडायला वेळ लागला नाही, पाकिटावर आल्याचं चित्रच होतं. पण लांबट बियांचं फळ काही केल्या मिळेना. फळांच्या सगळ्या टोपल्या झाल्या. खजूर हातात घेऊन ती म्हणाली, "याची बी चिरलेली असते. ती अखंड होती." मी म्हटलं, जाऊ दे ना. ती म्हणाली, "वीस वर्षं त्यांच्या बिया टाकल्यात मी. एकदा फळ तर बघू दे." शेवटी लोणची आणि सॉसच्या फळीपुढे ती खिळल्यासारखी उभी राहिली. बरणीवर एक हिरवं फळ मधोमध कापलेलं दाखवलं होतं आणि आत ती बी होती. ऑलिव्ह! हे मी रोज विकते. बारा वर्षांत त्या बरण्या माझ्या हातांखालून टुं टुं करत गेल्या आणि आत काय आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. ती मात्र उरलेल्या बीवरून, चुऱ्यावरून, कागदाच्या कडेवरून माग काढत वस्तूपर्यंत पोचली होती. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. मला लाजही वाटली, हे कबूल करते.

गल्ल्यावर खरा घोळ झाला. नातेवाइकांचं बिल आम्ही करायचं नाही असा नियम आहे, म्हणून आम्ही माझ्या शेजारच्या चष्मेवालीच्या रांगेत उभ्या राहिलो. तिने वाकडं कार्ड तीनदा यंत्रावर घासलं. काही नाही. मागचे आकडे टाकायचे तर आकडेच धुऊन गेलेले. रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. मॅनेजर आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण टाय बांधतो.

"हे कार्ड गेलं, मावशी," तो म्हणाला. "नंबर नाही तर मी काहीच करू शकत नाही."

"मी देते पैसे," मी पर्स काढली.

"तू नाही," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मी पर्स आत ठेवली. मला माहीत होतं काय होणार. माझ्या पैशांचं म्हटल्यावर ती पीठ आणि तेल ठेवून घेईल आणि चॉकलेट, बिस्किटं, बरणी शांतपणे परत फळीवर नेऊन लावील. पुन्हा कधी या फळीपाशी येईल का, आणि आली तरी गिळता येईल का?

आत्याने ती एप्रनची पिशवी रिकामी केली, उलटी केली आणि उसवलेल्या खिशाचा आतला भाग ओढून बाहेर काढला. "हे बघा," ती मॅनेजरला म्हणाली. पांढऱ्या कापडावर निळसर पुसट खुणा होत्या. "ड्रायरच्या उष्णतेने छपाई कापडाला लागते. बसची तिकिटं, पावत्या, सगळं उमटतं. कोटांच्या खिशात मी रोज बघायची. फक्त उलटं असतं. आरसा आहे का तुमच्याकडे?"

मॅनेजरने स्वतः धावत जाऊन पावडर-लालीच्या फळीवरून हातातला आरसा आणला. चष्मेवालीने चष्मा वर सरकवला. रांगेतला एक म्हातारा मोबाइलचा उजेड पाडायला पुढे आला. मघापासून च्यक च्यक करणारी बाई आकडे मोठ्याने वाचायला लागली. पंधरा आकडे लागले, एक अडला. मॅनेजर म्हणाला तीन, म्हातारा म्हणाला आठ. आत्याने वाकून पाहिलं. "तीन असता तर एका बाजूने उघडा असता. हा दोन्हीकडून बंद आहे. आठ घाला."

यंत्राने टुं केलं आणि पडद्यावर रक्कम आली. अख्खी. रांगेने टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत. मॅनेजर तिला "मावशी, तुम्ही ग्रेट आहात" म्हणाला, आणि ती त्याला म्हणाली, "टायला डाग पडलाय बघा चहाचा. गार पाण्याने धुवा, गरम नको."

मग सहा संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसलो. रोज एक वस्तू, रोज एकच तुकडा. गिळताना तिचा डावा डोळा दुखण्याने मिटायचा, पण ती घाई करत नव्हती. चॉकलेट तिने न चावता पाच मिनिटं जिभेवर तसंच ठेवलं. मग म्हणाली, "मोठ्या सिस्टर कडक का होत्या ते कळलं. आधी कडूच आहे. थांबायला लागतं." बिस्कीट चहात भिजवून खाल्लं. ऑलिव्ह तोंडात टाकला आणि तिचे डोळे पांढरे झाले. "खारट!" ती ओरडली. "अगं, खारट आहे! वीस वर्षं मी त्या डॉक्टरांच्या गोड फळाचा हेवा केला!" आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काठीने छत ठोकलं. हसू ओसरल्यावर तिने दुसरा उचलला. "आता खारट आहे म्हणून खाऊन बघते," म्हणाली.

ऑपरेशन सात तास चाललं. जीव वाचला. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना मिठी मारली, ते त्यांना आवडलं नसावं. पण आत्याच्या नाकात नळी, गळ्यात नळी, बोलायला एक छोटी पाटी. तोंडात साठलेली लाळही तिला गिळता येत नव्हती, दर थोड्या वेळाने नर्स यंत्राने ओढून घ्यायची. "लाळ गिळायला लागल्या तर पुढची आशा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते सांगून होत नाही. आपोआप व्हावं लागतं." एक आठवडा झाला, दोन झाले. तिसऱ्या आठवड्यात त्या आशेबद्दल बोलेनाशा झाल्या. कायमची नळी पोटातून घालायचा कागद माझ्या सहीसाठी आला आणि मी तो पर्समध्ये घालून फिरत राहिले.

मी कामावरून थेट तिच्याकडे जायची आणि माझं जेवण बाहेरच्या बाकावर उरकायची. तिच्यासमोर कसं खाणार? एक दिवस तिने पाटीवर लिहिलं, 'इथे खा.' मी नाही म्हटलं. तिने 'इथे'खाली दोन रेघा मारल्या. डब्यातलं खाल्लं तर लिहिलं, 'हे मला माहीत आहे. दुकानातलं नवीन आण. मग सांग.'

म्हणून मी रोज एक नवीन वस्तू घ्यायला लागले, बारा वर्षं जिच्याकडे पाहिलंही नव्हतं अशी. पहिल्या दिवशी म्हटलं, "छान आहे." तिने लिहिलं, 'छान म्हणजे काय? नीट सांग.' मला काही सांगताच येईना. तोंड आहे, जीभ धडधाकट आहे आणि शब्द नाहीत! ती डोळे वटारून बघत राहायची. हळूहळू मला जमायला लागलं. सावकाश खायचं, कुठे लागतं ते बघायचं, आधी काय येतं, नंतर काय राहतं. इतक्या वर्षांत मी नुसती पोट भरत होते हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

ऑपरेशननंतर बाविसाव्या दिवशी मी किवी नेलं. कापलं, चमच्याने एक घास घेतला आणि डोळे मिटून सांगायला लागले. "गार आहे. आधी काहीच लागत नाही, नुसतं पाणी. आणि मग, आई गं, आंबट! जिभेच्या दोन्ही कडांना झोंबतंय, गालांच्या आत ओढल्यासारखं होतंय, कानापाशी कळ येतेय. बारीक काळ्या बिया आहेत, त्या दातांखाली कुटकुट वाजतात, आणि प्रत्येक बी फुटली की पुन्हा आंबट..."

मी डोळे उघडले. आत्या माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. गळ्यावरची पट्टी हळूच वर गेली, थांबली आणि खाली आली.

तिला समजलं नव्हतं. मला समजलं होतं. मी न थांबता पुढे बोलत राहिले, आंबट, आंबट, असं वेड्यासारखं, आणि पट्टी पुन्हा वर गेली आणि खाली आली. या वेळी दुखण्याने तिचा डावा डोळा मिटला, आणि मग तिलाही कळलं. तिने हात गळ्यावर नेला.

मी नर्सला हाक मारायला धडपडत उठले. आत्याने माझं मनगट धरून मला परत खुर्चीत बसवलं, पाटी ओढली आणि लिहिलं, 'आधी फळ संपव.'